डक्टमधली हवा: विजापूर रोडवरच्या एका सोसायटीचं प्रकरण

खाली पार्किंग, वर पाच मजले, मजल्यावर चार फ्लॅट आणि मधोमध दोन डक्ट, म्हणजे बाथरूमच्या खिडक्या जिच्यात उघडतात ती तळापासून गच्चीपर्यंतची उभी पोकळी. सोलापुरात गेल्या पंधरा-वीस वर्षांत अशा शेकडो इमारती उभ्या राहिल्या. ही विजापूर रोडच्या आत, जुळे सोलापूरच्या बाजूला आहे. बांधकाम चांगलं आहे, प्लॅस्टरला मोठ्या भेगा नाहीत, गच्चीचं वॉटरप्रूफिंगही टिकून आहे. तरीही सोसायटीतली माणसं दोन वर्षं एकमेकांवर चिडून होती आणि भांडणाचं कारण होतं वास.

पहिल्या मजल्यावर एक निवृत्त जोडपं राहतं. त्यांची तक्रार दुपारची. काकूंच्या शब्दांत, "जेवायला बसलं की न्हाणीतून वरच्यांच्या फोडणीचा वास येऊलालाय, वर सिगारेटचाबी." पाचव्या मजल्यावरच्या कुटुंबाची तक्रार हीच, पण रात्रीची. चौथ्या मजल्यावर एका बेडरूममध्ये कपाटामागे काळी बुरशी. तिसऱ्यावर एका घरात सकाळी उठल्यावर सगळ्यांचं डोकं जड. सोसायटीने आधी नोटीस लावली की बाथरूममध्ये सिगारेट ओढू नये. मग मोठे एक्झॉस्ट फॅन बसवायची सूचना निघाली आणि बऱ्याच जणांनी ते बसवले. वास वाढला. त्यानंतर बोट एका घराकडे वळलं, कारण तिथे रविवारी मासळी शिजते. सभेत जे बोललं गेलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्या घरातल्या ताईंनी रविवारचं कालवण करणंच बंद केलं, तरी वास येतच राहिला. वासाचं मूळ शोधायला कमिटीने मला बोलावलं ते त्यानंतर.

या प्रकरणातून मला एकच गोष्ट सांगायची आहे. हवा घरात कुठून यावी आणि कुठून जावी हे आपण ठरवलं नाही, तर ती सापडेल त्या फटीतून येते, आणि फ्लॅटमध्ये ती फट बहुतेकदा शेजाऱ्याच्या बाथरूमकडे उघडते. ही इमारत बाहेरच्या बाजूने घट्ट बंद होती आणि आतल्या आत, घराघरांमध्ये, सताड उघडी होती.

बाहेरून बंद का, हे आधी समजून घ्यायला हवं, कारण "खिडक्या उघडा की" हे उत्तर सोलापुरात फार स्वस्त आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. दुपारी खिडकी उघडली तर आत येते ती झळ. धुळीचं तर विचारू नका. केंद्र सरकारने 2019 साली राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा हवेची मानकं न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत सोलापूरही होतं. पावसाळ्यात डास. त्यामुळे लोकांनी सरकत्या खिडक्यांच्या फटींना फोमची पट्टी लावली, काचेला फिल्म लावली, एसी घेतले. ड्राय बाल्कनी काच लावून बंद केल्या, कारण तिथे वॉशिंग मशीन आणि पाण्याचे ड्रम ठेवायचे असतात. नळाला रोज पाणी नसलेल्या गावात ड्रमला जागा लागतेच. यातला एकही निर्णय वेडेपणाचा नाही, पण सगळे मिळून काय घडतंय हे कुणी पाहिलं नव्हतं.

खिडक्या मुळातच अपुऱ्या होत्या. बेडरूम दहा बाय अकरा, म्हणजे 110 चौरस फूट. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने 2018 साली घरांसाठी 'इको निवास संहिता' आणली. तिच्यात उष्ण-कोरड्या हवामानासाठी उघडता येणाऱ्या खिडकीचं क्षेत्र फरशीच्या क्षेत्राच्या किमान 10 टक्के सांगितलं आहे, म्हणजे इथे 11 चौरस फूट. खिडकी पाच बाय चारची, कागदावर 20 चौरस फूट. पण दोन ट्रॅकची सरकती खिडकी एका वेळी अर्धीच उघडते. राहिले 10, त्यावर डासांची जाळी. शिवाय खोलीला बाहेरच्या बाजूला एकच खिडकी. हवेला शिरायला वाट असली तरी निघायला वाट नाही, म्हणून ती शिरतही नाही.

तपासाची सुरुवात मी वेळेपासून केली. सगळ्यांना विचारलं, वास नेमका कधी येतो? खालच्यांनी सांगितलं दुपारी बारा ते चार. वरच्यांनी सांगितलं रात्री दहानंतर. मधल्या मजल्यांवर दोन्ही वेळा थोडाथोडा. वास एकाच घरातून येत असता तर वेळ इतकी नेमकी उलटसुलट झाली नसती. हे दिवस-रात्रीच्या तापमानाचं काम होतं.

गरम हवा हलकी असते, वर चढते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. उन्हाळ्यातल्या दुपारी मात्र डक्टमध्ये उलटं घडतं. बाहेर 41 अंश असताना चारी बाजूंनी भिंतींच्या सावलीत असलेला डक्ट पाच-सहा अंशांनी थंड असतो. आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा जड, म्हणून ती खाली बसते. वरच्या घरांतली हवा डक्टमध्ये ओढली जाते आणि खालच्या घरांत उतरते. रात्री बाहेर गारवा येतो, पण दिवसभर तापलेल्या भिंती डक्टला गरम ठेवतात. मग प्रवाह फिरतो: खालच्या घरांतली हवा वरच्या घरांत. सुमारे 18 मीटर उंचीच्या डक्टमध्ये सहा अंशांच्या फरकाने वरपासून खालपर्यंत साधारण चार पास्कल दाबाचा फरक पडतो, आणि तळाच्या व माथ्याच्या घरांच्या वाट्याला त्यातला निम्मा येतो. दोन पास्कल म्हणजे पाण्याची पातळी 0.2 मिलिमीटरने हलवण्याइतका दाब. हाताला कळणारही नाही. तरी तेवढ्या दाबानेसुद्धा दोन इंची भोकातून तासाला सात-आठ घनमीटर हवा जाते. मासळीचं कालवण, फोडणी, सिगारेट यांचा वास पोचवायला ती भरपूर झाली.

मग वर गच्चीवर गेलो आणि खरं कारण समोर दिसलं. दोन्ही डक्टवर फायबरचा पत्रा पक्का बसवलेला होता. कबुतरं आत घाण करतात, पावसाचं पाणी पडतं, म्हणून काही वर्षांपूर्वी कमिटीनेच तो बसवून घेतला होता. खाली पार्किंगमध्ये डक्टच्या तळाचं तोंडही बंद. तिथे विटांचा आडोसा करून झाडू-बादल्यांची खोली केलेली. मंजूर नकाशात डक्ट आकाशाला उघडा आहे. प्रत्यक्षात ती एक बंद पेटी झाली होती, जिच्या भिंतीत प्रत्येक बाथरूमची एक खिडकी. आता बऱ्याच घरांचे मोठे एक्झॉस्ट फॅन या पेटीत हवा कोंबायला लागले की पेटीतली हवा जाणार कुठे? ज्या घरातला फॅन बंद आहे त्या घरात. म्हणूनच फॅन मोठे केल्यावर वास वाढला. त्यात सात घरांच्या स्वयंपाकाच्या चिमण्यांचे पाइपही डक्टमध्येच सोडलेले. आतल्या भिंतीवर तेलाचा चिकट थर बोटाने खरवडता येत होता.

परदेशात घराची हवाबंदी मोजायला दारात मोठा पंखा लावून 50 पास्कल दाबाचा फरक तयार करतात आणि किती हवा गळते ते मोजतात. तसं यंत्र आमच्याकडे नव्हतं. पण दहा-बारा हजारांची चिमणी प्रत्येक स्वयंपाकघरात आहे, आणि तीही हवा बाहेर फेकणारा पंखाच आहे. खिडक्या-दारं बंद करून चिमणी पूर्ण वेगाने लावली आणि उदबत्ती घेऊन घरभर फिरलो. चिमणी जेवढी हवा बाहेर काढते तेवढी कुठून तरी आत यावीच लागते, आणि उदबत्तीचा धूर ती वाट दाखवतो. फोमची पट्टी लावलेल्या खिडक्यांपाशी धूर जवळजवळ सरळ वर जात होता. बाथरूमच्या दाराखालच्या फटीपाशी तो आडवा झाला. नळाचे पाइप भिंतीतून जातात तिथे, वॉश बेसिनखाली, एसीचा पाइप नेलेल्या भोकापाशी, विजेच्या मीटरच्या डक्टपाशी, सगळीकडे धूर घरात ढकलला जात होता. काकूंच्या घरी ही चाचणी केली तेव्हा त्यांनी स्वतः उदबत्ती धरली होती. आपलीच चिमणी वरच्यांचा वास आत ओढते हे त्यांना तिथेच पटलं. पटवून द्यायला मला एक वाक्यही बोलावं लागलं नाही.

वासाचा आणखी एक उगम सापडला, तो पूर्णपणे सोलापूरच्या उन्हाळ्याचा. काही घरांत दुसरं बाथरूम वापरात नाही, कारण पाणी जपून वापरायचं असतं. नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे न्हाणीच्या जाळीखालच्या वाकड्या भांड्यात, साधारण 50 मिलिमीटर पाणी उभं असतं, तेच ड्रेनेजचा वायू अडवून ठेवतं. चिमणी कितीही जोरात ओढो, तेवढं पाणी ती ओढून काढू शकत नाही. पण मे महिन्याच्या कोरड्या हवेत न वापरलेला ट्रॅप आपोआप सुकतो आणि ड्रेनेजची लाइन थेट घरात उघडते. उपाय आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओतण्याचा. एवढ्याने दोन घरांचा प्रश्न संपला.

या सगळ्या पाहणीत एक गोष्ट अशी दिसली की वासाचा विषय मला दुय्यम वाटायला लागला. डक्टमधून वास येतो म्हणून काही घरांनी बाथरूमच्या खिडकीच्या पट्ट्यांवर प्लॅस्टिक चिकटवलं होतं. त्यातल्या तीन बाथरूममध्ये भिंतीवर गॅस गिझर होता.

हे जरा विस्ताराने सांगतो, कारण असे गिझर सोलापुरात घरोघरी आहेत. वीज गेली तरी गरम पाणी मिळतं, बिलही कमी येतं. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा साधा गिझर तासाला साधारण 0.9 किलो गॅस जाळतो. एक किलो एलपीजी पूर्ण जळायला सुमारे 13 घनमीटर हवा लागते. दहा मिनिटांच्या अंघोळीत 150 ग्रॅम गॅस जळतो आणि जवळपास दोन घनमीटर हवेतला प्राणवायू संपतो. चार बाय सात फुटांच्या बाथरूममध्ये एकूण हवाच पावणेसात घनमीटर असते. एकामागोमाग दोघांनी अंघोळ केली, दार बंद, खिडकीवर प्लॅस्टिक, तर ज्योतीला पुरेसा प्राणवायू मिळत नाही आणि ती कार्बन मोनॉक्साइड सोडायला लागते. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. आधी डोकं दुखतं, चक्कर येते, पाय गळतात, आणि दाराची कडी काढायचं बळ उरत नाही. अंघोळीला गेलेली धडधाकट तरुण माणसं बाथरूममध्ये मृतावस्थेत सापडल्याच्या बातम्या महाराष्ट्रात दर हिवाळ्यात येतात.

ते तीन गिझर त्याच दिवशी बंद करून घेतले. एका घरातले काका म्हणाले, "साहेब, आठ वर्षं वापरतोय, काही झालं नाही." मी त्यांना प्लॅस्टिक कधी लावलं ते विचारलं. मागच्या वर्षी, असं काकूंनी आतून सांगितलं. त्याआधीची सात वर्षं त्यांना त्या उघड्या पट्ट्यांनी वाचवलं होतं. तरी उघडी खिडकी आहे म्हणून बाथरूममध्ये गॅस गिझर चालेल, असं माझं मत अजिबात नाही. त्याची जागा बाहेर, मोकळ्या हवेत. ड्राय बाल्कनीत लावायचा तर ती बाल्कनी काचेने बंद केलेली चालणार नाही, आणि चिमणी लावून दारं-खिडक्या बंद केल्यावर त्याचा धूर उलटा घरात ओढला जात नाही ना, हे उदबत्तीने पाहून घ्यायचं.

तिसऱ्या मजल्यावरच्या जड डोक्याचं कारण यापेक्षा साधं निघालं. आई, वडील आणि मुलगा एका बेडरूममध्ये एसी लावून झोपतात. दार बंद, खिडकीला फोम. बहुतेकांना वाटतं त्याच्या उलट, स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा फिरवून गार करतो. झोपलेला माणूस तासाला बारा-तेरा लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. तिघांचे चाळीस लिटर धरले तर तीस घनमीटरच्या अगदी बंद खोलीत दर तासाला त्याचं प्रमाण दहा लाखांत तेराशे भागांनी वाढतं. बाहेर ते 420 च्या आसपास असतं. खोलीत मीटर ठेवला तेव्हा पहाटे आकडा चार हजारांच्या घरात होता. त्याने जीव जात नाही, पण झोप उथळ होते आणि सकाळी डोकं जड होतं. त्यातही या खोलीला जी थोडीफार हवा मिळत होती ती जोडलेल्या बाथरूममधून, म्हणजे डक्टमधूनच.

इथे वडिलांनी रास्त प्रश्न विचारला: बाहेरची हवा घेतली तर एसीचं बिल वाढेल की नाही? हिशेब मांडून दाखवला. तिघांना मिळून तासाला 80 घनमीटर ताजी हवा पुरते, तेवढ्याने पहाटेचा आकडा हजाराच्या आत राहतो. उन्हाळ्यातल्या रात्री बाहेर 29 आणि आत 25 अंश असेल, तर ती हवा गार करायला सुमारे 0.1 किलोवॅटचं काम पडतं. दीड टनाच्या एसीची क्षमता 5.2 किलोवॅट आहे, म्हणजे दोन टक्के. शेवटी खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात फिल्टर बसवलेला छोटा पंखा लावला, जो गाळलेली हवा आत ढकलतो. याने खोलीत किंचित जादा दाब राहतो आणि बाथरूमकडून येणारी हवा उलट परत जाते. माझ्या मते सोलापूरसारख्या धुळीच्या गावात बेडरूमसाठी यापेक्षा चांगला उपाय नाही.

चौथ्या मजल्यावरच्या बुरशीबद्दल थोडक्यात. भिंत बाहेरून पाझरते की आतल्या दमटपणाने ओली होते, हे पाहायला प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवला. पाणी प्लॅस्टिकच्या खोलीकडच्या बाजूला साठलं, म्हणजे दमटपणा आतलाच. इथे पावसाचा जोर सप्टेंबरमध्ये असतो, तेव्हा कपडे त्याच खोलीत वाळत होते आणि भिंतीपलीकडच्या खोलीत एसी 18 वर. स्वयंपाकाचा वाटाही असतोच: 14.2 किलोचा एक सिलिंडर जळून संपेपर्यंत घराच्या हवेत बावीस-तेवीस लिटर पाणी सोडतो. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं, कपडे बाल्कनीत गेले, एसी 25 वर आला. भिंत पुन्हा काळी झाली नाही.

डक्टचं काम मात्र सभेत मांडावं लागलं, कारण डक्ट सगळ्यांचा. पत्रा काढायला विरोध झाला. कबुतरांचा मुद्दा खोटा नव्हता. तोडगा असा निघाला की पत्रा पूर्ण काढायचा नाही, लोखंडी फ्रेमवर तीन फूट उचलायचा आणि चारी बाजूंना जाळी लावायची. पाऊस-कबुतरं बाहेर, हवा मोकळी. खालची झाडू-बादल्यांची खोली हलवून तळाला जाळीचं तोंड ठेवलं. आता दुपारी खाली उतरणारी हवा काकूंच्या न्हाणीत न जाता पार्किंगमध्ये निघून जाते. प्रत्येक एक्झॉस्ट फॅनला झडप बसवली, फॅन बंद झाला की ती आपोआप मिटते. सातपैकी पाच चिमण्यांचे पाइप डक्टमधून काढून बाहेरच्या भिंतीतून नेले. पाइपांभोवतीची भोकं सिमेंट आणि सिलिकॉनने बुजवली. ज्यांनी चिमणीचा पाइप बाहेर काढला त्यांना मी बजावून सांगितलं, चिमणी लावताना स्वयंपाकघराची खिडकी चार बोटं उघडी ठेवायची. चिमणीला लागणारी हवा कुठून यावी हे तिथे आपण ठरवतो.

जर्मनीतल्या डार्मस्टाट इथे 1991 मध्ये पहिलं 'पॅसिव्ह हाउस' उभं राहिलं. त्या मानकात 50 पास्कल दाबाला घरातली हवा तासाला 0.6 पटीपेक्षा जास्त बदलता कामा नये, इतकी बंदिस्ती लागते, आणि ताजी हवा यंत्राने गाळून सतत पुरवली जाते. तो आकडा सोलापुरात आणायची गरज मला वाटत नाही. आपल्याकडे वर्षातले कितीतरी महिने रात्री खिडक्या उघडून घर फुकटात गार करता येतं. घ्यायचा तो एवढाच भाग: दोन घरांमधली भिंत, फरशी आणि डक्ट हवेसाठी घट्ट बंद, आणि बाहेरच्या बाजूने घराची स्वतःची वाट. जुन्या सोलापुरातल्या माळवदाच्या घरांना जाड भिंती आणि वर झरोका असायचा. दिवसा तो झाकायचा, रात्री उघडायचा, आणि त्या घराची हवा त्याच घराची असायची.

काम होऊन एक पूर्ण उन्हाळा गेला आहे. पहिल्या आणि पाचव्या मजल्यावरून तक्रार नाही. रविवारचं कालवण पुन्हा सुरू झालं, आणि सेक्रेटरींनी त्या ताईंच्या घरी जाऊन दिलगिरी व्यक्त केली. मला विचाराल तर दुरुस्तीइतकंच तेही गरजेचं होतं.

दोन चिमण्यांचे पाइप अजून डक्टमध्येच आहेत. ती घरं भाड्याने दिलेली आहेत आणि मालक पुण्यात असतात. त्यांना कमिटीने लेखी कळवलं आहे. मला अधिक काळजी विजेच्या मीटरच्या डक्टची आहे. तिथे प्रत्येक मजल्याच्या स्लॅबमध्ये वायरी नेण्यासाठी ठेवलेली मोठी भोकं अजून उघडी आहेत. आज त्यातून फक्त हवा फिरते, पण खाली मीटरला आग लागली तर धूर त्याच वाटेने पाचव्या मजल्यापर्यंत जाईल. ही भोकं आग अडवणाऱ्या मसाल्याने बुजवायचं काम पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घेतलं आहे.